चित्रात माणूस कुठे उभा आहे? : ना. श्री. बेंद्रे यांची निसर्गचित्रे आणि मानवाकृती

मराठी घरातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात कागद आणि रंगीत खडू द्यावेत आणि "एक छानसा देखावा काढ" म्हणावे. काय निघेल ते आपण डोळे मिटून सांगू शकतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, पायथ्याशी उगम पावून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंद होत गेलेली नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात चार-दोन पक्षी. हा देखावा साताऱ्यात काढला जातो, नागपुरात काढला जातो आणि इथे ट्रॉयमध्येही काढला जातो. वास्तविक ट्रॉयची जमीन पोळपाटासारखी सपाट. सूर्य उगवतो तो शेजाऱ्याच्या गराजमागून, आणि नारळ भेटतो तो फक्त इंडियन ग्रोसरीत. पण मूल समोर दिसते ते काढत नाही, आईबाबांनी दाखवले ते काढते. आणि आईबाबांना त्यांच्या आईबाबांनी तेच दाखवलेले असते.

आता मोठ्यांकडे वळू. देशातून कोणी पाहुणे आले की आपण त्यांना नायगारा दाखवायला नेतो आणि फोटो काढतो. फोटोत पुढे मामा-मामी, काका-काकू, मुले, आणि त्यांच्या खांद्यांच्या फटीतून दिसणारा थोडासा धबधबा. धबधब्याचे काम एवढेच, की आपण तिथे होतो याची साक्ष द्यायची. जुन्या संगीत नाटकांत मागे रंगवलेला पडदा असे, जंगलाचा किंवा राजवाड्याचा, तसाच हा पडदा.

म्हणजे मुलाच्या देखाव्यात माणूस नसतो आणि आपल्या फोटोत देखावा नसतो. या दोन टोकांच्या मध्ये चित्रकाराचा खरा प्रश्न आहे : माणूस आणि तो ज्या भूमीवर उभा आहे ती भूमी, यांचे एकमेकांशी नाते काय? निसर्गचित्रे आणि मानवाकृती यांचे प्रदर्शन पाहायला जाताना एवढा एक प्रश्न बरोबर घेतला, तर "आपल्याला बुवा चित्रातले काही कळत नाही" हे वाक्य दाराशीच ठेवून आत जाता येते. हा प्रश्न आयुष्यभर सोडवत बसलेला एक मोठा मराठी चित्रकार म्हणजे नारायण श्रीधर बेंद्रे. या लेखात त्यांच्याच निमित्ताने थोडे चित्र पाहण्याविषयी.

कोणते बेंद्रे?

बेंद्रे म्हटले की बहुतेकांना धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे आठवतात. इतिहासाची आवड असलेल्यांना वा. सी. बेंद्रे आठवतात. चित्रकार बेंद्रे आठवतातच असे नाही, आणि यात नवल नाही. आपण देश सोडताना बॅगेत पु. लं.ची पुस्तके आणली, भीमसेनांच्या कॅसेट्स आणल्या, नाट्यपदे तर कंठातच होती. चित्रकार मात्र कोणी आणला नाही. चित्र बॅगेत मावत नाही हे खरे, पण नाव तर मावले असते!

ना. श्री. बेंद्रे यांचा जन्म १९१० साली इंदूरच्या मराठी कुटुंबात झाला. इंदूर होळकरांचे, त्यामुळे मराठी बोलणे आणि माळव्याचा मोकळा मुलूख या दोन्हींचे संस्कार त्यांना मिळाले. तिथल्या कलाशाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे त्यांचे गुरू. देवळालीकर मास्तरांच्या हाताखालून किती माणसे गेली पाहा : बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी आणि पुढे जगभर गाजलेले मकबूल फिदा हुसेन. हुसेन यांची आठवण प्रसिद्ध आहे, की त्यांनी चित्रकार व्हावे यासाठी वडिलांचे मन वळवले ते बेंद्रे यांनी. बेंद्रे हुसेनपेक्षा थोडेच मोठे होते, पण इंदूरच्या रस्त्यांवर उघड्यावर बसून चित्रे काढणारा हा तरुण त्या मुलाला आधीच दिसलेला होता.

"उघड्यावर बसून" हे शब्द महत्त्वाचे आहेत. इंदूरच्या मुलांना घराबाहेर पडून समोरचे पाहून रंगवण्याची सवय लागली. डोंगराचा त्रिकोण पाठ करून आलेल्या डोळ्यांना समोरचा डोंगर दाखवणे, हे चित्रकलेचे पहिले शिक्षण. बेंद्रे यांनी १९३३ साली मुंबईची कलेची सरकारी पदविका घेतली आणि भटकायला सुरुवात केली. १९३६ ते १९३९ या काळात ते काश्मीरमध्ये प्रवासी खात्यात चित्रकार-पत्रकार म्हणून नोकरीला होते. दऱ्या, सरोवरे आणि बर्फाची शिखरे रंगवण्याचा पगार मिळतो आहे, यापेक्षा तरुण निसर्गचित्रकाराला आणखी काय हवे?

पाण्याने रंगवलेला प्रकाश

इथे थोडे तंत्राविषयी सांगायला हवे, कारण मुंबईच्या परंपरेतले निसर्गचित्र समजायचे तर पारदर्शक जलरंग समजायला हवा. जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरे म्हणजे कोरा कागद. जिथे ऊन दाखवायचे तिथे कागद मोकळा सोडायचा, आणि हे आधीच ठरवावे लागते, कारण एकदा रंग लागला की कागद पुन्हा कोरा होत नाही. फिक्याकडून गडदाकडे जायचे, ओल्यावर ओले किती पसरेल याचा अंदाज घ्यायचा, आणि ऊन सरकायच्या आत थांबायचे. तैलरंगात चूक झाली तर वाळल्यावर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात ती सोय नाही. भाकरी थापण्यासारखेच ते. एकदा तव्यावर पडली की पडली.

या तंत्रात मराठी चित्रकारांनी केवढी उंची गाठली याचे एक उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. हातात दिवा घेतलेली, दिव्याच्या ज्योतीपुढे बोटांचा आडोसा धरलेली आणि बोटांतून लालसर उजेड पाझरणारी ती स्त्री. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात हे चित्र आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे, जलरंगात आहे, आणि त्यासाठी त्यांच्या कन्या गीता, पुढच्या गीता उपळेकर, दिवा घेऊन उभ्या राहिल्या होत्या. काळोखात एक दिवा आणि एक माणूस, बाकी काही नाही. ही झाली शुद्ध मानवाकृती. उजेड दिव्याचा असला तरी चित्र तिच्या चेहऱ्याचे आहे.

याच्या उलट टोकाला कोल्हापूरचे आबालाल रहिमान. रंकाळ्याचे पाणी, त्यातला संध्यामठ, कोटितीर्थाचा काठ हे त्यांचे विषय. तिथे नायक म्हणजे हवा आणि पाण्यावरचा प्रकाश. माणूस असला तर चार ठिपक्यांचा.

बेंद्रे या दोन्ही वाटांचे वारसदार होते. त्यांची सुरुवातीची निसर्गचित्रे याच परंपरेतली आहेत : घाट, बाजार, गल्ल्या, होड्या, आणि त्यांत कुंचल्याच्या एकेका फटकाऱ्यात उभी केलेली माणसे. १९४१ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. ही सोसायटी १८८८ पासूनची, आणि तिचे सुवर्णपदक म्हणजे त्या काळच्या चित्रकाराचा मोठा सन्मान. इथेच थांबले असते तरी एक सुखवस्तू, लोकप्रिय चित्रकार म्हणून त्यांचे आयुष्य नीट गेले असते. पण ते थांबले नाहीत.

न्यूयॉर्कचे प्रदर्शन

१९४५ साली बेंद्रे शांतिनिकेतनात राहून आले. नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांच्या सहवासात त्यांना एक वेगळी भाषा दिसली. तिथे समोरचे हुबेहूब उतरवण्यापेक्षा रेषेची लय आणि आकाराची मांडणी मोठी मानली जात होती. आणि मग १९४७-४८ मध्ये, देश नुकताच स्वतंत्र होत असताना, ते अमेरिकेत आले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या आधी, एच-वनची आणि ग्रीन कार्डाची बाराखडी कोणाला माहीत नसताना, हा इंदूरचा माणूस न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये मुद्राचित्रण शिकत होता. तेव्हा त्यांचे वय ३७ वर्षांचे होते आणि देशात सुवर्णपदक मिळालेले होते. तरीही विद्यार्थी म्हणून बसले. १९४८ साली न्यूयॉर्कच्या विंडरमिअर गॅलरीत त्यांच्या चित्रांचे एकल प्रदर्शन झाले. परत जाताना ते युरोपातून गेले. ज्या आधुनिक चित्रकारांची कामे भारतात पुस्तकांतल्या छोट्या, फिकट छापील चित्रांतून पाहायची, ती या प्रवासात मूळ रूपात समोर आली.

मूळ चित्र आणि छापील चित्र यांत फरक किती? मैफिलीत बसून ऐकलेले गाणे आणि फोनवरून कोणी गुणगुणून दाखवलेले गाणे यांत जेवढा असतो तेवढा. रंगाचा थर, कुंचल्याचा दाब, चित्राचा आकार यांपैकी काहीच छापील पानात उरत नाही.

आपल्या दाराशी असलेले शेजारी

बेंद्रे यांची चित्रे पाहायची तर मुख्यतः भारतातच जावे लागते. पण त्यांनी जे पाहिले, ज्यांच्याशी वाद घातला आणि ज्यांच्याकडून घेतले, त्या घराण्यातली अस्सल चित्रे ट्रॉयपासून आय-७५ ने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवरचे डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स, म्हणजे आपले डी.आय.ए. ट्रॉय ओकलंड काउंटीत असल्यामुळे आपल्याला तिथे नेहमीचा प्रवेश मोफत आहे. तो का मोफत आहे ते पुढे येईल. आधी चार चित्रांपुढे उभे राहू आणि प्रत्येकापुढे तोच प्रश्न विचारू : माणूस कुठे आहे आणि केवढा आहे? (संग्रहातली चित्रे अधूनमधून हलवतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी हे बरे.)

पहिले चित्र फ्रेडरिक चर्च यांचे 'कोटोपाक्सी', १८६२ सालचे. दक्षिण अमेरिकेतला ज्वालामुखी धूर ओकतो आहे, धुराआडून सूर्य तांबडा दिसतो आहे आणि खाली दरी. इथे माणूस शोधावाच लागतो. निसर्ग अफाट आणि माणूस नगण्य, असे चित्रकाराचे म्हणणे. काश्मीरची शिखरे रंगवणाऱ्या कोणत्याही तरुण चित्रकाराला हा मोह होतो.

दुसरे ब्रुगेल यांचे 'वेडिंग डान्स', १५६६ सालचे. खेड्यातल्या लग्नात शंभरावर माणसे नाचत आहेत, झाडांखाली गर्दी झाली आहे. इथे माणसांनी जमीन झाकून टाकली आहे. तरी नीट पाहिले तर नाचणाऱ्यांची रांग झाडांच्या खोडांमधून वळणे घेत मागे गेलेली दिसते. गर्दीचाच एक भूप्रदेश झाला आहे. आपल्या वारीचे चित्र कोणी या नजरेने काढले तर काय बहार येईल!

तिसरे सेझान यांचे 'माँ सँत व्हिक्त्वार'. आपल्या गावाजवळचा तोच एक डोंगर सेझान पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. जवळून पाहिले तर डोंगर नाहीच, रंगाच्या चौकोनी पट्ट्या आहेत. दहा पावले मागे या, की डोंगर उभा. वस्तूचे असे तुकडे करून ती पुन्हा रचण्याची कल्पना पुढे पिकासो आणि ब्राक यांनी घेतली आणि तिला घनवाद हे नाव पडले.

चौथे जॉर्ज सरा यांचे ल क्रोतोय गावाचे समुद्रकाठचे चित्र, १८८९ सालचे. हे सगळेच्या सगळे ठिपक्यांचे. हिरवा रंग हवा तर पिवळा आणि निळा पॅलेटवर कालवायचा नाही, त्यांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि कालवण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचे. याला बिंदुवाद म्हणतात.

ही चार चित्रे पाहून झाली की बेंद्रे यांच्या पुढच्या चाळीस वर्षांचा नकाशा आपल्या हातात आला.

बडोदे, आणि मग मुंबई

१९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कलांची विद्याशाखा सुरू झाली आणि बेंद्रे तिथे चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. १९५९ पासून ते अधिष्ठाता होते. कोऱ्या पाटीवर अभ्यासक्रम लिहायचा होता. बेंद्रे यांची शिकवण्याची रीत म्हणजे विद्यार्थ्यांसमोर स्वतः रंगवून दाखवणे. भाषण कमी, हात जास्त. आज या रीतीने, उद्या त्या रीतीने. माझ्यासारखे काढा, असा आग्रह नाही. त्यामुळे त्यांच्या विद्यार्थ्यांतले ज्योती भट्ट, शांती दवे, रतन पारिमू, गुलाम मोहम्मद शेख हे सगळे एकमेकांपासून वेगळे चित्रकार झाले. गाण्यातल्या गुरूचे शिष्य आवाजावरून ओळखू येतात. बेंद्रे यांचे शिष्य तसे ओळखू येत नाहीत, आणि हीच त्यांच्या गुरुपणाची खूण आहे.

या काळात त्यांच्या चित्रातला माणूस एकदम जवळ आला आणि मोठा झाला. दूरच्या घाटावरचा ठिपका आता कागद भरून बसला. अंगाचे आकार सपाट पट्ट्यांत विभागले गेले, खांदा आणि मागची भिंत एकमेकांत अडकले. घनवादाचा अभ्यास होताच, पण बसण्याची ढब, पदर, घागर, कमरेतला बाक हे सगळे इथले. १९५५ साली त्यांच्या 'काटा' या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विषय नावातच आहे. राजा नाही, देव नाही, पुराणातला प्रसंग नाही. अनवाणी चालणाऱ्यांच्या देशातला रोजचा काटा. जमीन आणि माणूस यांचे नाते यापेक्षा थोडक्यात कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. चित्रकाराला तिथे दरी-डोंगर काढायची गरजच उरली नाही, कारण जमीन पायात रुतलेली आहे.

१९६६ साली बडोदे सोडून ते मुंबईला स्थायिक झाले आणि अखेरपर्यंत चित्रे काढत राहिले. १९६९ साली पद्मश्री आणि १९९२ साली पद्मभूषण मिळाले. १९९२ च्या फेब्रुवारीतच त्यांचे निधन झाले. या शेवटच्या पर्वात त्यांनी ठिपक्यांची पद्धत जवळ केली. विषय मात्र ल क्रोतोयचे नव्हते. खेड्यातल्या बायका, त्यांच्या गप्पा, डोईवरचे ओझे, झाडांची सावली.

इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. सरा यांनी ठिपके वापरले ते रंगाच्या शास्त्रासाठी. बेंद्रे यांच्या हातात ठिपक्यांनी आणखी एक काम केले. बाई ठिपक्यांची, झाड ठिपक्यांचे, माती ठिपक्यांची, हवाही ठिपक्यांची. बाईची कड कुठे संपते आणि झाडाची सावली कुठे सुरू होते ते बोट ठेवून सांगता येत नाही. गोधडीत जुने लुगडे, धोतर, झबले असे नाना तुकडे असतात, पण वरून एकच धावदोरा जातो आणि सगळ्यांना एका पोतात आणतो. बेंद्रे यांचे ठिपके हे त्या धावदोऱ्यासारखे आहेत. पन्नास वर्षांपूर्वी घाटाच्या चित्रात माणूस लहान होता, मग 'काट्या'च्या काळात तो मोठा झाला, आणि अखेरीस लहान-मोठ्याचा हिशेबच मिटला. माणूस आणि भूमी एकाच सुताने विणली गेली.

प्रदर्शनात गेल्यावर

हा प्रवास कळतो तो चित्रे ओळीने पाहिली तरच. म्हणूनच एकेका चित्रापेक्षा प्रदर्शनाला महत्त्व आहे. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत (ही १९५२ पासूनची) जाणे होवो, न्यूयॉर्क-शिकागोत एखाद्या भारतीय चित्रकाराचे प्रदर्शन भरो, किंवा आपल्या डी.आय.ए.मध्ये जाणे होवो, पुढच्या चार-पाच गोष्टी उपयोगी पडतात.

आधी एक फेरी न थांबता मारावी. लग्नाच्या पंगतीत बसण्यापूर्वी आपण काय काय वाढले आहे ते नजरेने टिपून घेतो, तसे. मग ज्या तीन-चार चित्रांनी पाय थांबवला, त्यांच्याकडेच परत जावे. शंभर चित्रे पाहण्याचा हट्ट धरू नये. पाय दुखतात आणि डोळे बंद होतात.

चित्राशेजारची पाटी आधी वाचू नये. आधी चित्र पाहावे, मग पाटी. पाटीवर वर्ष, माध्यम आणि माप असते. वर्ष पाहावे, कारण त्यावरून चित्रकार तेव्हा कितीचा होता आणि जगात काय चालले होते ते कळते. माध्यम पाहावे, कारण जलरंगाकडून तैलरंगाची आणि तैलरंगाकडून जलरंगाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

प्रत्येक चित्र दोन अंतरांवरून पाहावे. एकदा दहा पावलांवरून, एकदा हातभर अंतरावरून. ठिपक्यांच्या चित्राला तर हे दोन्ही हवेतच.

निसर्गचित्रापुढे उभे असाल तर विचारावे, प्रकाश कोणत्या बाजूने येतो आहे आणि दिवसाचा प्रहर कोणता? मानवाकृतीपुढे असाल तर विचारावे, शरीराचा भार कोणत्या पायावर आहे? ही दोन्ही उत्तरे पाटीवर नसतात, चित्रातच असतात, आणि ती सापडली की चित्र आपले होते. मुलांना हा खेळ फार आवडतो. "हे चित्र कशाचे आहे?" असे विचारले की ती कंटाळतात. "या चित्रात किती वाजले आहेत?" असे विचारले की पुढे सरकून पाहू लागतात.

चित्राची किंमत

आता त्या मोफत प्रवेशाविषयी. २०१२ साली वेन, ओकलंड आणि मॅकूम या तीन काउंट्यांच्या मतदारांनी डी.आय.ए.साठी घरपट्टीत थोडी वाढ मान्य केली. दोन लाख डॉलर बाजारभावाच्या घरामागे वर्षाला साधारण २० डॉलर. त्याच्या बदल्यात रहिवाशांना प्रवेश मोफत आणि शाळांच्या सहली मोफत. २०२० साली मतदारांनी हा कर पुढच्या दहा वर्षांसाठी पुन्हा मंजूर केला. म्हणजे ट्रॉयमध्ये ज्याचे घर आहे तो प्रत्येक जण त्या चित्रांचा वर्गणीदार आहे. वर्गणी भरून गणपतीला न जाणारा माणूस आपल्याला विचित्र वाटतो. इथे मात्र वर्षानुवर्षे वर्गणी भरून एकदाही न गेलेली घरे पुष्कळ असतील.

आणि ती चित्रे जवळजवळ गेलीच होती. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट शहराने दिवाळे काढले. शहराच्या मालकीची चित्रे विकून देणी भागवावीत, अशी मागणी झाली. ख्रिस्टीज या लिलाव कंपनीने शहराच्या पैशाने घेतलेल्या कलाकृतींची किंमत ४५ कोटी ते ८७ कोटी डॉलरच्या दरम्यान केली. त्या यादीत ब्रुगेलचे ते लग्नातले नाचणारेही होते. दुसऱ्या बाजूला शहराच्या हजारो निवृत्त कामगारांचे पेन्शन अडकले होते. चित्र मोठे की म्हाताऱ्या माणसाचे पेन्शन, हा प्रश्न सोपा नव्हता, आणि ज्यांनी तो विचारला त्यांना अरसिक म्हणणे योग्य नव्हते. शेवटी मोठ्या धर्मादाय संस्था, मिशिगन राज्य आणि खुद्द डी.आय.ए. यांनी मिळून सुमारे ८१ कोटी डॉलर वीस वर्षांत देण्याचे मान्य केले. तो पैसा पेन्शनकडे वळला, आणि चित्रे शहराच्या मालकीतून निघून स्वतंत्र संस्थेकडे गेली. २०१४ साली न्यायालयाने या तडजोडीवर शिक्कामोर्तब केले. पेन्शनला कात्री लागलीच, पण ती बरीच कमी लागली. चित्रे भिंतीवर राहिली.

यातून आपण घेण्यासारखे पुष्कळ आहे. चित्रे टिकतात ती चांगली असतात म्हणून नाही. ती आपली आहेत असे म्हणणारी माणसे असतात म्हणून टिकतात. मराठी चित्रकारांच्या बाबतीत असे म्हणणारी माणसे कमी पडतात. किती निसर्गचित्रे माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकांत, वाळवीच्या तोंडी गेली असतील! आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांनी काढलेले एखादे जलरंगचित्र असेल तर ते उन्हाच्या भिंतीवरून काढावे, आम्लरहित कागदावर बसवून घ्यावे, आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवावे. एवढे केले तरी वारसा जपण्याच्या कामातला आपला वाटा उचलल्यासारखे होईल.

ट्रॉयचे निसर्गचित्र

शेवटी पुन्हा आपल्या गावाकडे. डी.आय.ए.च्या मधल्या दालनात दिएगो रिव्हेरा या मेक्सिकोच्या चित्रकाराने १९३२-३३ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रे आहेत, एकूण २७ पट. रिव्हेरा परका माणूस. त्याने मिशिगनमध्ये येऊन सरोवरे आणि शरदातली पाने रंगवली नाहीत. डिअरबॉर्नच्या फोर्ड कारखान्यात तो महिनोन्महिने रेखाटने करत हिंडला आणि त्याने यंत्रे आणि कामगार रंगवले. वरच्या पट्टीत लोहखनिज, कोळसा, चुनखडी आणि वाळू हातात घेतलेल्या चार महाकाय आकृती आडव्या पहुडल्या आहेत, जणू मिशिगनचे भूस्तरच माणसे झाले आहेत. बेंद्रे यांनी ठिपक्यांनी जे केले ते रिव्हेराने आपल्या पद्धतीने केले. त्यानेही माणूस आणि भूमी वेगळी ठेवली नाही. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे याच मोटारधंद्याच्या ओढीने इथे आली. म्हणजे त्या भिंतींवर आपलेही मूळ कुठेतरी आहे.

आणि एक गंमत. तो फोर्डचा कारखाना रूज नदीच्या काठी आहे. त्या रूज नदीची मुख्य शाखा ट्रॉयमधून वाहते. कूलिज रस्त्यावरच्या स्टेज नेचर सेंटरमध्ये ती झाडीतून जाताना दिसते, ओढ्याएवढीच, पण नदी. मुलांच्या देखाव्यात नदी असतेच. मग ती खरी का असू नये?

पुढच्या गणेशोत्सवात मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवली, तर विषय "देखावा" असा न देता "ट्रॉयमधली मला दिसलेली एक जागा, आणि तिथे असलेला एक माणूस" असा देऊन पाहावा. डोंगर येणार नाहीत. येईल बिग बीव्हरवरचा सिग्नल, बर्फ उपसणारे बाबा, मंदिराच्या पार्किंगमधून साडी सावरत जाणारी आजी. ऊन कोणत्या बाजूचे आहे आणि आजीचा भार कोणत्या पायावर आहे, एवढे मुलांनी पाहून काढले, की बेंद्रे इंदूरच्या रस्त्यावर बसून जे शिकले त्याचा पहिला धडा ट्रॉयमध्ये गिरवून झाला.